धूर रानात, निखारा घरात: लाकडी कोळशाची इंदुरी पार्श्वभूमी

दिवाळी उलटून रात्री गारवा सुटला की इंदुरात गच्च्यांवर बार्बेक्यू मांडले जातात. सुदामानगर असो की विजयनगर, सळईला पनीर आणि शिमला मिरची लागते, खाणाऱ्या घरांत चिकनही असतं. मग अर्धा वेळ कोळशाला वारा घालण्यात जातो. विकतच्या पोत्यात तळाला चुरा असतो, मध्येच कच्ची राहिलेली लाकडं निघतात आणि ती डोळ्यांतून पाणी काढतात. म्हणून काही हौशी मंडळी आता कोळसा घरीच पाडायला लागली आहेत. एक लोखंडी पिंप, त्यात झाकणाचा डबा आणि बागेतल्या छाटलेल्या फांद्या, एवढ्यावर काम होतं. बघणाऱ्याला वाटतं, हेही परदेशी व्हिडिओ पाहून आलेलं खूळ. तसं नाही. माळव्यात कोळसा फार जुना. नवं इतकंच की तो आता शहरात, राहत्या घरी पाडला जातोय. आजवर हे काम गावापासून लांब, रानात आणि बहुधा दुसऱ्याच्याच हातांनी झालं, कारण कोळसा म्हणजे मुळात धूर आधीच कुठेतरी सोडून आलेलं लाकूड.

लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी उडतं. पुढे २७०-२८० अंश सेल्सिअसच्या आसपास ते आतून फुटायला लागतं. डांबर, आंबट वाफा आणि जळाऊ वायू बाहेर पडतात. हवा मिळाली तर हे सगळं पेट घेतं आणि शेवटी राख उरते. हवा अडवली तर वायू निघून जातात आणि मागे कार्बन राहतो. चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवलेल्या चांगल्या कोळशात तीन चतुर्थांशाहून जास्त कार्बन असतो. असा कोळसा हातात हलका लागतो, एकमेकांवर आपटला तर खणखणतो आणि पेटल्यावर जवळजवळ धूर देत नाही. वजनाला वजन धरलं तर त्यात सुक्या लाकडाच्या दुपटीच्या आसपास उष्णता असते. पण या हिशेबाला दुसरी बाजू आहे. मातीच्या भट्टीत शंभर किलो लाकडातून पंधरा-वीस किलो कोळसा हाती लागला तरी भट्टीवाला खूश असतो. म्हणजे लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता रानातच उडून गेलेली असते.

ही मातीची भट्टी नीट बघण्यासारखी असते. मधोमध एक खांब रोवून त्याभोवती ओंडके उभे रचतात, जाड आत आणि बारीक बाहेर. त्यावर पाला-गवताचा थर आणि त्यावर ओली माती. खांब काढला की मधे धुराडं तयार होतं, त्यातूनच निखारे टाकून आग लावतात. बुडाशी ठेवलेली भोकं उघडायची की बुजवायची, यावर सगळा खेळ. सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो, त्यात बहुतेक वाफच असते. मग तो पिवळसर आणि कडवट होतो. शेवटी पातळ निळसर झाला की लाकूड पिकलं म्हणायचं आणि सगळी भोकं लिंपून टाकायची. मधल्या दिवसांत रात्रीची झोप नाही. माती कुठे खचली, भेग पडली, तर तिथून हवा आत शिरते आणि आठवड्याची मेहनत रात्रीत राख होते. खचलेल्या जागी माती टाकायला भट्टीवर चढावं लागतं. पाय आत गेला तर काय होतं हे सांगायला नको. पुरती थंड होण्याआधी उकरली तर हवा लागताच सगळा ढीग पुन्हा पेटतो.

महाराष्ट्रात हे काम लोणारी समाजाचं होतं. दगडी कोळशापासून वेगळा ओळखावा म्हणून जुनी माणसं अजून ‘लोणारी कोळसा’ म्हणतात. रायगडकडचे कातकरी आजही उचल घेऊन कुटुंबकबिल्यासह कोळसाभट्ट्यांवर जातात आणि त्या उचलीत वर्षानुवर्षं अडकून राहतात. इकडे आपल्या शेजारच्या गुजरातेत, कच्छात, वेड्या बाभळीचा कोळसा निघतो. वाळवंट अडवायला म्हणून १९६० च्या सुमारास रणाच्या कडेला लावलेली ही झाडं गवताळ माळ गिळत सुटली. कोळशासाठी ती तोडू द्यावीत की नाही, यावर सरकारने कधी बंदी घातली, कधी उठवली.

किती जुना म्हणाल हा धंदा? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वनसंपत्तीच्या अधिकाऱ्याच्या अखत्यारीतल्या वस्तूंची यादी आहे. त्यात लाकूड, वेत, साली, विषं यांच्यासोबत ‘अंगार’ म्हणजे कोळसाही येतो. त्याहून बोलकी नोंद जैन परंपरेतली. श्रावकाने, म्हणजे गृहस्थ जैनाने, टाळावेत असे पंधरा धंदे उपासकदशांग सूत्रात सांगितले आहेत आणि त्यांत पहिलंच नाव आहे अंगारकर्म. लाकडातले, मातीतले, अग्नीतले जीव मरतात, म्हणून कोळसा पाडण्यावर पोट भरू नये. धंदा तेजीत असल्याशिवाय त्याला यादीत पहिला नंबर कोण देतं! सेठ हुकुमचंदांच्या काच मंदिराच्या या शहरात ही यादी पाठ असलेली घरं आजही सापडतील. गंमत अशी की काच मंदिरापासून चालत जाता येईल अशा सराफ्यात सोनाराचं काम कोळशाशिवाय कधी झालं नाही. दिवसा फुंकणीखाली कोळसा आणि रात्री दुकानं बंद झाल्यावर त्याच ओट्यांसमोर भुट्टे भाजणाऱ्याच्या सिगडीत कोळसा. जळणाला पाप-पुण्य चिकटतं ते पाडणाऱ्याच्या बाजूला, वापरणाऱ्याच्या नाही, असाच हा व्यवहार दिसतो.

निखाऱ्यावर भाजून खाण्याची माळव्यातली उत्तम साक्ष मांडूची. इंदूरपासून शंभर किलोमीटरच्या आत. तिथला सुलतान गियासुद्दीन खिलजी (राज्य १४६९ ते १५००) खाण्याचा इतका शौकीन की त्याच्या दरबारात पाककृतींची चित्रमय पोथी तयार झाली, तीच निमतनामा. त्याच्या मुलाच्या, नासिरशहाच्या, काळात ती पुरी झाली. सामोसे, सरबतं, अत्तरं आणि विडे यांच्यासोबत सळईवर भाजलेल्या मांसाचे प्रकार तिच्यात आहेत, शिकारीला निघताना काय बरोबर घ्यावं याच्याही सूचना आहेत. चित्रांत भरघोस मिशांचा सुलतान स्वयंपाक्यांच्या कामावर देखरेख करत बसलेला दिसतो. त्याआधी तीनेकशे वर्षं, बाराव्या शतकात, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने मानसोल्लासात शुलावर भाजलेल्या मांसाचं वर्णन केलंच आहे. तेव्हा सळई, मसाला आणि निखारा हे त्रिकूट अमेरिकेहून आलं, असं कुणी गच्चीवर म्हणालं तर त्याला खुशाल मांडूला पाठवा.

पण खाण्यासाठी कोळसा किती लागायचा? थोडाच. खरा खप धातूचा आणि दारूगोळ्याचा. पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक, हे बंदुकीच्या दारूचं सर्वमान्य प्रमाण. तिला जड लाकडाचा कोळसा चालत नाही, हलका आणि चटकन पेटणारा लागतो. आपल्याकडे त्यासाठी तुरीच्या काड्या जाळत. यशवंतराव होळकरांनी अखेरच्या वर्षांत भानपुऱ्याला तोफा ओतण्याचा कारखाना घातला. त्या तोफांच्या गोष्टी सगळे सांगतात, पण तोफ उडवायला लागणाऱ्या दारूतला कोळसा कुणी पाडला, याची नोंद कुठून असणार!

आणि इथेच गच्चीवरच्या पिंपाचा पूर्वज भेटतो. मातीच्या भट्टीतला कोळसा एकसारखा पडत नाही, त्यामुळे दारूही एकसारखी होत नाही. १७८० च्या दशकात इंग्लंडात रिचर्ड वॉटसन याने सुचवलं की लाकूड बंद लोखंडी नळकांड्यात घालून बाहेरून तापवावं. हा गृहस्थ आधी केंब्रिजला रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता आणि नंतर बिशप झाला. तोफा त्यामुळे जास्त लांब मारू लागल्या. आज यूट्यूब पाहून जो माणूस डब्यात डबा घालतो, तो या बिशपसाहेबांचंच तंत्र वापरतो.

माळव्याच्या दाराशी कोळशाचा सर्वांत मोठा डाव मांडला गेला तो १८६० नंतर. इंदूरहून ओंकारेश्वरला जाताना घाट उतरून बडवाह लागतं. घाटाखालचा हा मुलूख म्हणजे निमाड, तो तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. नर्मदाकाठी लोहखनिज होतं, भोवती जंगल होतं आणि रेल्वेला लोखंड हवं होतं. तेव्हा सरकारने बडवाहला लोखंडाचा कारखाना उभारायला घेतला, तोही लाकडी कोळशावर चालणारा. इंग्लंड तोवर दगडी कोळशावर गेलेलं. लाकडी कोळशावर उत्तम लोखंड काढणारे म्हणजे स्वीडिश, म्हणून तिथून नील्स विल्हेल्म मितांदर नावाचा धातुतज्ज्ञ आणला. भट्टी उभी राहिली, चाचणीही झाली, पण १८६४ मध्ये सरकारने हात आखडता घेतला आणि नियमित उत्पादन कधी सुरूच झालं नाही. जहाजाने येणारं विलायती लोखंड स्वस्त पडत होतं. मला विचाराल तर निमाडचं जंगल वाचलं ते सरकारच्या या चिकटपणामुळे. निदान तेवढ्यापुरतं वाचलं, कारण पुढच्याच दशकात तुकोजीराव होळकर दुसऱ्यांनी दिलेल्या एक कोटीच्या कर्जातून खंडवा-इंदूर रेल्वे त्याच घाटातून वर आली.

जंगलावर पहारा बसला तसा कोळसाही कायद्यात गेला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वनोपजाची व्याख्या दोन भागांत आहे. काही वस्तू जंगलातून आल्या तरच वनोपज. काही मात्र जंगलातल्या असोत वा नसोत, वनोपजच. कोळसा या दुसऱ्या गटात, इमारती लाकूड, राळ, लाख आणि मोहाच्या फुलांच्या पंगतीत. राखीव जंगलात कोळसा पाडणं हा तर थेट गुन्हा. आपल्या आवारातल्या फांद्यांचा पाडून आपणच वापरला तर कुणी हटकत नाही, पण पोती भरून विकायचा विचार असेल तर आधी वन खात्याकडे वाहतूक परवान्याची चौकशी करावी.

घरातला कोळसा मात्र कायद्याने गेला नाही, गॅसने गेला. इंदुरातल्या मराठी वाड्यांत तोवर त्याचा संसार मोठा होता. न्हाणीत तांब्याचा बंब, धोब्याकडे कोळशाची इस्त्री, बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा देशभर मोटारी कोळशाच्या गॅसवर धावल्या, मागे भलंमोठं नळकांडं लावून. दाल-बाफले मात्र कंड्यांवरच, म्हणजे गोवऱ्यांवर, त्यांना कोळशाची धग सोसत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात सिलिंडर घरोघरी पोचले आणि शेगडी माळ्यावर गेली. निखारा उरला तो भरतावर किंवा मठ्ठ्यात तुपाचा धुंगार, म्हणजे धुराचा वास, द्यायला, तोही पाहुणे आले तर. हॉटेलांत तंदूर चालूच राहिला, म्हणून पोती येत राहिली.

अमेरिकेत उलटं घडलं. हेन्री फोर्डच्या गाड्यांत तेव्हा लाकूड पुष्कळ लागायचं. त्याचा भुसा आणि तुकडे १९२० च्या दशकात जाळून, दाबून विटकुळ्या केल्या आणि गाड्यांच्या विक्रेत्यांकडेच विकायला ठेवल्या. गाडी घ्या, सहलीला जा, भाजून खा! १९५२ मध्ये जॉर्ज स्टीफनने पाण्यात तरंगणाऱ्या खुणेच्या गोळ्याचे दोन भाग करून झाकणाची गोल शेगडी बनवली आणि मागच्या अंगणातला बार्बेक्यू घरोघरी गेला. आपल्याकडे टेबलाच्या मधोमध निखारे पुरून सळया मांडायची पद्धत साखळी हॉटेलांनी रुजवली. बार्बेक्यू नेशनचं पहिलं हॉटेल २००६ मध्ये मुंबईत निघालं. त्यामागे सयाजी हॉटेल्स हा वडोदरा-इंदूरशी नातं असलेला समूह होता, हे इंदूरकराला ऐकायला बरं वाटतं. तिथून ती हौस गच्चीवर आली.

आता पिंपाकडे. स्वच्छतेत २०१७ पासून सलग सात वेळा पहिला नंबर मिळवलेल्या शहरात मातीची भट्टी लावली तर शेजारी त्याच रात्री तक्रार करतील आणि ते बरोबरच असेल. वॉटसनच्या पद्धतीचा फायदा इथे होतो. आतल्या डब्याला झाकण घट्ट आणि बुडाला चार-सहा भोकं. बाहेरच्या आगीने लाकूड तापलं की वायू त्या भोकांतून खाली आगीत येतात आणि तिथेच जळतात. मधला काही वेळ भट्टी स्वतःच्याच वायूवर चालते. सुरुवातीची वाफ सोडली तर धूर बेताचा आणि कोळसाही शंभराला पंचवीस-तीस. भोकांतली ज्योत विझली की काम संपलं. पण डबा सकाळपर्यंत उघडायचा नाही, भोकं मातीने बुजवून ठेवायची. रंगाचं किंवा रसायनाचं पिंप असेल तर आधी रिकामंच कडक जाळून घ्यावं, जस्ताचा मुलामा असलेलं तर वापरूच नये. आणि पेटलेला कोळसा कितीही स्वच्छ दिसला तरी बंद खोलीत न्यायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दर हिवाळ्यात कुठे ना कुठे खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं घर सकाळी उठत नाही.

लाकूड म्हणाल तर बाभूळ, चिंच, खैर यांचा कोळसा जड आणि टिकाऊ, धावडा मिळाला तर क्या बात. सुबाभूळ आणि आंब्याच्या छाटणीचा कोळसा लवकर पेटतो आणि लवकर विझतो, पनीरपुरता पुरे. फांद्या मनगटाएवढ्या जाड आणि चांगल्या वाळलेल्या हव्यात. जुन्या फर्निचरचं प्लायवूड, रंगवलेली चौकट यांत घालू नये. आणि कॉलनीच्या बागेत सगळ्यात जास्त छाटली जाते ती कण्हेर, तिला या डब्याच्या जवळपासही आणू नये. तिचा धूरसुद्धा विषारी असतो.