विंचूदंश (कोकण)

विंचवाने नांगी मारल्यावर विष अंगात भिनून होणारी बाधा. बोलीत ‘विंचू चावला’ असेच म्हणतात, परंतु विंचू दातांनी चावत नाही. शेपटीच्या टोकाची पोकळ नांगी रुतवून तो विष सोडतो. विंचू महाराष्ट्रात सर्वत्र आहेत. तरीही तांबड्या विंचवाचा दंश मृत्यूचे कारण ठरतो ही गोष्ट आधुनिक वैद्यकात ठळक झाली ती प्रामुख्याने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील रुग्णांवरून. कोकणातच आढळणाऱ्या फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते, मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात. तांबड्या विंचवाचे विष या दोहोंपेक्षा निराळे आहे. ते स्वायत्त मज्जासंस्था (आपल्या इच्छेविना हृदय, रक्तवाहिन्या, ग्रंथी चालवणारी) नको तितकी चेतवते आणि हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे यांचे हाल त्या चेतवण्यातून होतात.

जाती व नामकरण : किनारपट्टीवर दोन तऱ्हांचे विंचू नेहमी दृष्टीस पडतात. जाड आकड्यांचा (पुढच्या चिमट्यांचा), आकाराने मोठा काळा विंचू (काही ठिकाणी ‘इंगळी’) दिसायला भीतिदायक असला तरी त्याचा दंश सहसा वेदनेपुरता राहतो. बारीक आकड्यांचा, जाड शेपटीचा, लालसर-पिवळट रंगाचा तांबडा विंचू मात्र घातक. याचे पहिले शास्त्रीय वर्णन फाब्रिसियस यांनी १७९८ मध्ये केले. पुढे त्याची प्रजाती (जवळच्या जातींचा गट) बदलत गेली : ब्यूथस, नंतर मेसोब्यूथस आणि आता हॉटेंटोटा. पोकॉक यांनी १९०० साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेतील अष्टपादांच्या खंडात कोकणातील विंचवांना ‘कॉन्कॅनेन्सिस’ ही स्वतंत्र उपजात मानले. कोवार्झिक यांनी २००७ मध्ये प्रजातीचे पुनर्विलोकन केले, त्यात ही उपजात मूळ जातीत विलीन झाली. वैद्यकीय निबंधांत कोकणी उपजातीचे नाव त्यानंतरही येत राहिले. वर्गीकरणाच्या दृष्टीने हॉटेंटोटा टॅम्युलस हे एकच नाव वापरणे सयुक्तिक दिसते. मात्र २००७ मध्येच किनारपट्टीवरील व दख्खनच्या पठारावरील विंचवांच्या विषातील पेप्टाइडांची (लहान प्रथिनांची) तुलना झाली आणि त्यांत प्रदेशागणिक फरक आढळले. नाव एक असले तरी विष सर्वत्र तंतोतंत एक नाही, आणि प्रतिविष तयार करताना ही गोष्ट नजरेआड करून चालत नाही.

प्राचीन उल्लेख : सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विंचवांचे मंदविष, मध्यविष व महाविष असे तीन वर्ग करून एकूण तीस प्रकार सांगितले आहेत. संहितेच्या काळाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तिचा गाभा इसवी सनापूर्वी कित्येक शतके मागे नेतात. आज उपलब्ध असलेला पाठ इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत स्थिरावला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शेणातून, लाकडांतून किंवा कुजलेल्या सापातून विंचू उपजतात हे त्यातील विवेचन आज टिकत नाही. पण सगळ्या विंचवांचे विष सारखे नसते आणि उपचाराआधी वर्ग ओळखला पाहिजे, हा त्यामागचा विचार आजच्या निदानातही आहे.

दंशाची परिस्थिती : जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटी, मातीविना रचलेले गडगे, कौलांखालचे वासे, लाकूडफाटा, गोवऱ्यांची रास, पेंढ्याची उडवी ही तांबड्या विंचवाची घरे. तो निशाचर आहे. उन्हाळ्यात घरे शाकारताना व सरपण भरताना आणि पावसाळा सरल्यावर भातकापणीत त्याची गाठ पडते. दंश बहुतेक वेळा हातापायांच्या बोटांना होतो. विषाची मात्रा तीच, पण शरीराचे वजन कमी, म्हणून लहान मुलांत बाधा तीव्र होते.

मज्जासंस्थेवरील क्रिया : चेतापेशीच्या पटलात सोडियम आयनांचे मार्ग असतात. संदेश येताच ते उघडतात आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास मिटतात. या मिटण्यामुळेच एक संदेश संपून दुसऱ्याला वाट मिळते. तांबड्या विंचवाच्या विषातील काही पेप्टाइडे या मार्गांना वेळेवर मिटू देत नाहीत. आणखी काही पेप्टाइडे पोटॅशियमचे मार्ग अडवून पटलाचे पूर्वस्थितीला येणे लांबवतात. परिणामी एका आवेगाच्या जागी आवेगांची माळ लागते आणि चेतातंतूंच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन व नॉरॲड्रेनॅलीन ही संदेशवाहक रसायने भरमसाट स्रवतात. विष मेंदूत फारसे शिरत नसावे, कारण गंभीर अवस्थेतही रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो आणि काय होते आहे ते सांगू शकतो.

लक्षणांचा क्रम समजण्यासाठी स्वायत्त मज्जासंस्थेची मांडणी ध्यानात घ्यावी लागते. तिचा अनुकंपी भाग (शरीराला धावपळीसाठी सज्ज करणारा) मेरुरज्जूच्या पहिल्या वक्षीय (छातीच्या) खंडापासून दुसऱ्या किंवा तिसऱ्या कटिखंडापर्यंतच्या (कमरेच्या) पट्ट्यातून निघतो. परानुकंपी भागाची (शरीराला विसावा देणाऱ्या) मुळे दोन टोकांना आहेत : वर मेंदूकडून येणाऱ्या तिसऱ्या, सातव्या, नवव्या व दहाव्या तंत्रिकांत, आणि खाली मेरुरज्जूच्या दुसऱ्या ते चौथ्या त्रिक (माकडहाडाच्या वरच्या) खंडांत. दंशानंतर आधी परानुकंपी लक्षणे दिसतात : उलटी, तोंडाला सुटणारी लाळ, मंदावलेली नाडी, मुलग्यांत व पुरुषांत शिश्नाची ताठरता. हे शेवटचे लक्षण संकोचामुळे सांगितले जात नाही, पण विष अंगभर पसरल्याची ती खात्रीची खूण आहे. मूल घामाघूम असेल आणि सोबत ही खूण असेल, तर दंश कोणी पाहिला नसला तरी निदान होऊ शकते. घामाची गोष्ट थोडी अपवादात्मक आहे : घर्मग्रंथींना जाणारे तंतू अनुकंपी, पण त्यांतून स्रवते ॲसिटिलकोलीन. हे तंतू चेतल्याने कपडे भिजतील इतका घाम येतो.

यानंतर येणारे अनुकंपी वादळ अधिक काळ टिकते आणि धोका त्यात आहे. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब चढतो. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता डावे हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साठते, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. दंशाच्या जागी असह्य ठणका आहे आणि बाकी काही नाही, असा रुग्ण बहुतांशी सुरक्षित असतो. उलट दंशाची जागा फारशी दुखत नाही, पण घाम आणि उलट्या आहेत, तो रुग्ण धोक्यात असतो. उपचारानंतर हातपाय ऊबदार होऊन दंशाची जागा पुन्हा दुखू लागली की सुधारणा सुरू झाली असे मानतात. वेदनेवरून धोक्याचे मोजमाप करण्याची आपली सवय इथे उलटी पडते, हे घरोघरी माहीत असायला हवे.

अधिवृक्क ग्रंथी व मूत्रसंस्था : प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी अधिवृक्क ग्रंथी बसलेली असते. तिचा गाभा रचनेने ग्रंथी असला तरी घडणीने अनुकंपी गुच्छिकाच (चेतापेशींचा पुंजका) आहे. मेरुरज्जूतून निघालेले तंतू थेट त्यात संपतात आणि तो आपला स्राव चेतातंतूंऐवजी रक्तात सोडतो. या स्रावात ॲड्रेनॅलीनचा वाटा सुमारे ८० टक्के असतो. विंचूदंशात हा गाभाही रिता होतो, म्हणून चेतातंतू न पोचणाऱ्या पेशींपर्यंतही वादळ जाते.

खालच्या मूत्रपिंडाला त्याची झळ लगेच लागते. सुमारे ११ सें.मी. लांब व १५० ग्रॅम वजनाच्या या इंद्रियात जवळजवळ १० लाख वृक्काणू (रक्त गाळणारे सूक्ष्म घटक) असतात, आणि हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांकडे जातो. दिवसाकाठी १८० लिटर द्रव गाळला जाऊन त्यातील दीड लिटरच्या आसपास मूत्र म्हणून उरते. अनुकंपी तंतूंमुळे वृक्काणूंच्या सूक्ष्म धमन्या आवळल्या की गाळण मंदावते. शिवाय मूत्रपिंडातून रेनिन हे द्रव्य स्रवून रक्तातील अँजिओटेन्सिन वाढते, त्याने वाहिन्या आणखी आवळतात. म्हणून रुग्णशय्येजवळ लघवीचे मोजमाप ठेवतात : तासाला वजनाच्या दर किलोस अर्ध्या मि.लि.पेक्षा ती कमी झाली, तर इंद्रियांना रक्त पुरत नाही असे समजावे.

मूत्राशयाच्या भित्तीचा स्नायू दुसऱ्या ते चौथ्या त्रिक खंडांतील परानुकंपी तंतूंनी आकुंचतो. त्याची मान कटिभागातून येणाऱ्या अनुकंपी तंतूंनी, अल्फा-१ ग्राहींमार्फत (पेशीवरील संदेश घेणाऱ्या जागांमार्फत), मिटलेली राहते; बाहेरचे इच्छाधीन कडे वेगळ्या तंत्रिकेकडे असते. तांबड्या विंचवाचा येथे आणखी एक संबंध आहे. त्याच्या विषातून वेगळे काढलेले, ३७ ॲमिनो आम्लांचे आयबेरिओटॉक्सिन हे पेप्टाइड पोटॅशियमचा एकच ठरावीक मोठा मार्ग अडवते. मूत्राशयाचा स्नायू दोन आकुंचनांमध्ये सैल कसा राहतो, याचा शोध घेताना प्रयोगशाळांनी हेच पेप्टाइड वापरले आहे.

उपचारांचा इतिहास : विंचूदंशात फुप्फुसांत पाणी होते याविषयी मुंडले यांनी १९६१ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांशेजारी बसून लक्षणांचा क्रम टिपला. तो १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने छापला. त्या काळी ॲट्रोपीन, स्टेरॉइडे, झोप आणणाऱ्या औषधांची मिश्रणे असे उपचार चालत. ॲट्रोपिनाने तर नाडी आणखी धावते. बावस्करांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे अल्फा-१ ग्राही अडवणारे औषध दिले आणि १९८६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाहिन्या सैलावतात, हृदयावरील भार उतरतो. त्यांच्या नोंदींनुसार पूर्वी गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत, हे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. मुलांना वजनाच्या दर किलोस ३० मायक्रोग्रॅम अशी मात्रा देतात व रुग्णाला आडवेच ठेवतात, कारण उठून बसल्यास रक्तदाब एकदम पडू शकतो. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. याच गटातील औषधे मूत्राशयाची मान सैल करतात, म्हणून पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथी वाढलेल्या वृद्धांनाही ती दिली जातात.

विष नेमके कसे काम करते याबाबत मतभेद राहिले. विष हृदयस्नायूला थेट इजा करते असे काहींनी मानले. मूर्ती यांनी इन्शुलिनच्या दबलेल्या स्रावावर भर देऊन इन्शुलिन-ग्लुकोज उपचार पुढे आणला. प्राझोसिनने मिळणारा प्रतिसाद पाहता अनुकंपी वादळ हेच मूळ कारण असल्याचे मत जास्त पटते. प्रतिविषाविषयीचा वाद बराचसा निवळला आहे. २०११ मध्ये बावस्कर दांपत्याने प्रसिद्ध केलेल्या ७० रुग्णांच्या यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या) चाचणीत प्राझोसिनसोबत प्रतिविष मिळालेले सरासरी ८ तासांत बरे झाले, नुसते प्राझोसिन मिळालेल्यांना जवळजवळ १८ तास लागले. मृत्यू टाळण्यात प्राझोसिन पुरेसे ठरते. प्रतिविष लवकर दिल्यास वादळ आधी शमते.

लोकोपचार : मंत्राने ‘विंचू उतरवणे’, आघाड्याची मुळी लावणे हे प्रकार गावोगाव होते व काही ठिकाणी आहेत. विष ‘चढते’ आणि ‘उतरते’ ही भाषा बाधितांच्या अनुभवाशी जुळते : ठणका बोटातून वर सरकतो व काही तासांनी ओसरतो. बहुसंख्य दंश केवळ वेदनेचे असल्याने ते उताऱ्याविना बरे झालेच असते. श्रेय उतरवणाऱ्याला मिळते. हानी होते ती घाम सुटलेल्या मुलाचे पहिले तीन-चार तास यात गेल्यास. जखम कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांचा उपयोग नाही.

प्रतिबंध : खाट भिंतीपासून हातभर दूर असावी, अंथरूण झटकून घालावे, पायताण पालथे करून पाहावे, सरपण घराला टेकवून रचू नये. विंचवाचे कवच अतिनील प्रकाशात हिरवट-निळे चमकते, त्यामुळे तशा विजेरीने अंधारात पडवी, गोठा व गडग्याच्या फटी तपासता येतात.