आधी पाणी काढा, मग पिकअप बघा

जुनी स्पोर्ट्स कार हौशी शर्यतीसाठी तयार करायला घेतली की पहिला पैसा इंजिनावर जातो. मोठा एअर फिल्टर, सायलेन्सरचा आवाज, कार्ब्युरेटरचं ट्यूनिंग. घाटावरच्या कोरड्या हवेत हे एक वेळ खपून जाईल. गोव्यात मात्र गाडी वर्षानुवर्षं खाऱ्या हवेत उभी असते आणि दर पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलते. इथे आधी गाडीत मुरलेलं पाणी शोधावं लागतं. ते पेट्रोलच्या टाकीत असतं, पत्र्याच्या पोकळीत असतं आणि सगळ्यात धोकादायक म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये असतं.

ड्रायव्हरसकट ८५० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरने जात असेल, तर तिच्यात साधारण ३३० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक मारून गाडी थांबवली की यातली बहुतेक ऊर्जा डिस्क, ड्रम आणि पॅडमध्ये उष्णता होऊन उतरते. लिटरभर पाणी उकळून वर थोडी शिल्लक राहील इतकी ती असते, आणि तीही एकदा थांबण्यात. ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मोकळ्या जागेत शंकू मांडून आखलेल्या वळणावळणाच्या शर्यतीत, वेग कमी असतो. ताशी ६० ला हा आकडा तिसऱ्या हिश्शाच्या थोडा वर येतो. पण तिथे वळणं इतकी जवळजवळ असतात की एका ब्रेकची उष्णता निघून जायच्या आत दुसरा ब्रेक मारावा लागतो.

ही उष्णता पॅडमागच्या पिस्टनमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. नाव ऑइल असलं तरी हे तेल नव्हे. ग्लायकॉल जातीचा हा द्रव हवेतली आर्द्रता ओढून घेतो, रबरी होजमधूनसुद्धा. त्याच्या प्रती डॉट ३, डॉट ४ अशा नावांनी ओळखतात. नव्या डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की तो १४० वर आला तरी मानकात बसतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. एकदा बुडबुडे धरले की खेळ संपला. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र दाबली जाते. पायाचा सगळा जोर वाफ आवळण्यात जातो आणि पॅडल थेट खाली बसतं.

हे बरेचदा गाडी पळताना होत नाही, फेरी संपवून उभी राहिल्यावर होतं. पळताना वारा लागत असतो. थांबल्यावर तापलेल्या डिस्कची उष्णता निवांत कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या भागात, झिरपते, आणि पुढच्या फेरीच्या पहिल्याच वळणावर त्याचा हिशेब होतो. म्हणून अनुभवी मंडळी फेरीनंतर हँडब्रेक ओढत नाहीत. तापलेले ब्रेक आवळून ठेवण्यापेक्षा गाडी गिअरमध्ये टाकतात आणि चाकाखाली लाकडी ठोकळा सारतात. (कॅलिपरवर लाल प्लॅस्टिकची कव्हरं लावायची हौस असेल तर ती लग्नाच्या वरातीपुरती ठेवावी. शर्यतीत ती उष्णता कोंडून धरतात.) जुन्या गाडीचं ब्रेक ऑइल शर्यतीआधी पूर्ण काढून सीलबंद बाटलीतलं नवं भरावं आणि ब्रेकच्या नळ्यांतली हवा नीट काढून घ्यावी. खर्च काही शे रुपयांचा, फरक थेट पायाला कळतो.

आता पत्रा. पावसाळ्यात मीठदाणीतलं मीठ ओलं होतं, तेच इथे पत्र्यावर घडतं. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी धरतं. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला तेहेतीस टक्के पुरतात. म्हणजे कळंगुट किंवा मिरामारला उभ्या गाडीवर बसलेला खार बहुतेक वर्षभर ओलाच, दिसत नसला तरी. त्यातले क्लोराइडचे आयन लोखंडावरचा संरक्षक थर फोडत राहतात. गंजाचं घनफळ मूळ लोखंडापेक्षा जास्त असतं, त्यामुळे आतून फुगलेला पत्रा रंग वर उचलतो. दाराखालच्या पोकळ पट्ट्यात स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज बद्द झाला की तिथे थांबा. मग लोहचुंबक लावा. चिकटत नसेल तर वर रंग आहे आणि आत नुसती पुट्टी.

फायबरची बॉडी असली तरी सुटका नाही. १९९०च्या दशकाच्या शेवटी आपल्याकडे आलेल्या सॅन स्टॉर्मसारख्या दोन सीटच्या गाडीची बॉडी गंजत नाही, पण सस्पेन्शन आणि नटबोल्ट लोखंडाचेच. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्याला वाचवणारा नळ्यांचा सांगाडा, बसवताना तर हे जास्तच जाणवतं. आंतरराष्ट्रीय नियमांत मुख्य कमानीची नळी ४५ मिलिमीटर व्यासाची आणि २.५ मिलिमीटर जाडीची चालते, आणि तिच्या पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी लागते. पट्टी असते ती आघात मोठ्या क्षेत्रावर पसरवण्यासाठी. खालचा पत्राच कुजलेला असेल तर उलटताना केजचा पाय तो फाडून बाहेर येतो.

टायरचं थोडक्यात सांगतो. नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका. बाजूवर चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३वा आठवडा. ऑक्सिजन आणि ओझोनने रबर कडक होतं, पकड जाते. वापर नसला तरी.

राहिलं पेट्रोल. आता पंपावर बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे साध्या पेट्रोलला जिथे वजनाने १४.७ पट हवा लागते तिथे या मिश्रणाला साधारण साडेतेरा पट पुरते. नव्या गाडीचा सेन्सर हे ओळखून हिशेब बदलतो. कार्ब्युरेटरचं जेट म्हणजे पेट्रोल सोडणारं पितळेतलं एक भोक, त्याला काय कळणार? मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, इंजिन तापतं, आणि फुल थ्रॉटलवर पिस्टनला ते महागात पडतं. शिवाय हे पेट्रोल पाणी शोषतं आणि मर्यादा ओलांडली की पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी वेगळा होतो, नेमका जिथून गाडीतला पंप पेट्रोल ओढतो तिथे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी म्हणूनच पूर्ण रिकामी करायची, जुने रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे घालायचे आणि मेन जेट एक नंबर मोठं करून पाहायचं. एक जोरदार फेरी मारून लगेच इंजिन बंद करा आणि स्पार्क प्लग काढा. पांढराफटक निघाला तर जेट अजून मोठं हवं, काजळी धरलेला निघाला तर एक नंबर मागे या.