घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं

‘30 पैकी 24 च्या खाली गुण पडले की डिमेन्शिया समजा,’ असा डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, परीक्षेचा एक मेसेज सध्या आमच्या बेळगाव-खानापूर भागातल्या ग्रुपांवर फिरतोय. लगेच घरोघरी आजी-आजोबांना समोर बसवून परीक्षा सुरू झाल्यात.

परीक्षा खोटी नाही. मार्शल आणि सुझन फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी ती ‘मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ या नावाने 1975 साली मांडली. आज वार कोणता, आपण कुठल्या राज्यात आहोत, तीन शब्द लक्षात ठेवा, 100 मधून 7 वजा करत चला. पण ही चाळणी आहे, निदान नव्हे. डिमेन्शिया म्हणायला रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः करणं जड जायला हवं. गुण आणि व्यवहार यांचा संबंध आहे, पण तो सैल. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजी वजाबाकीत गुण घालवतात आणि बाजारात भाजीवालीला एक रुपया जास्त देत नाहीत. राज्याचा प्रश्न तर आमच्याकडे विचारूच नये! बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं, आणि येळ्ळूरच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा फलक 2014 पर्यंत उभा होता. तिथल्या आजोबांनी ठणकावून ‘महाराष्ट्र’ म्हटलं तर गुण कापायचा कुणाचा?

याच्या उलटही होतं. गुण बरे पडतात आणि घरात मात्र रोज गोंधळ. माझ्या मते खरी गंमत इथे आहे, आणि ती घड्याळाच्या चाचणीत छान दिसते. कोऱ्या कागदावर गोल काढा, आकडे घाला, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. ही वेळ मुद्दाम निवडलेली असते. ‘दहा’ कानावर पडतं, समोर 10 चा आकडा दिसतो, आणि मिनिटकाटा तिकडे ओढला जातो. काटा 2 वर न्यायचा तर ती ओढ थोपवायला हवी, दहा मिनिटं म्हणजे 2 चा आकडा हे आठवायला हवं, आणि तेवढा वेळ मूळ काम डोक्यात धरून ठेवायला हवं. मेंदूच्या पुढच्या भागाचं, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं, हे मोठं काम. तो भाग आणि त्याची जोडणी कमजोर झाली की हात डोळ्यांना दिसेल तिकडे जातो: काटे 10 आणि 11 वर.

तेच स्वयंपाकघरात बघा. आजी रक्तदाबाची गोळी घ्यायला उठतात. ओट्यावर कांदे दिसतात, त्या विळी घेऊन चिरायला बसतात. कांदा अगदी बारीक, एकसारखा. हातात मुरलेल्या सवयी सांभाळणारी मेंदूतली बेसल गँग्लियाची यंत्रणा अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात बराच काळ शाबूत राहते, म्हणून भाकरीही गोल थापली जाते. गोळी मात्र राहते. म्हणूनच आधी औषधं, पैसे, प्रवास ही कामं बिघडतात. अंघोळ, कपडे, जेवण नंतर. फोल्स्टीन यांच्या परीक्षेत घड्याळ नाही, आणि या नियोजनाला तिथे फारसे गुणही नाहीत.

अशा वेळी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देणारे एकीकडे आणि ‘बाहेरचं काहीतरी आहे’ म्हणून उतारा टाकणारे दुसरीकडे. दोघेही डॉक्टरकडे जायला उशीर करतात. थायरॉइडची किंवा बी-12 ची कमतरता, नैराश्य यांनीही असंच होऊ शकतं, आणि त्यांवर इलाज आहे.

हरियाणातल्या बल्लभगड भागात निरक्षर वृद्धांसाठी संशोधकांनी 1990 च्या दशकात व्यवहाराचीच प्रश्नावली केली. आत्ताच जेवल्याचं विसरतात का? गावातच वाट चुकतात का? सणवार लक्षात असतात का? निरोप दिला तर पोचवतात का? एखादं काम अर्धवट टाकून विसरतात का? हे प्रश्न घरच्यांना विचारायचे असतात. आमच्याकडे ते आधी सुनेला विचारावेत. मुलगा ‘बाबा एकदम ठणठणीत’ म्हणतो, कारण बाबांच्या गोळ्या, पेन्शनचं पासबुक आणि चष्मा शोधून देण्याचं काम ती वर्षभर गुपचूप करत असते.