मॅड्रिडची निळी माती आणि त्यामागचं सगळं

एप्रिल संपत आला, मॅड्रिडची टेनिस स्पर्धा लागली की कुणीतरी विचारतंच, ही पण मातीवरचीच ना, मग इथं बॉल एवढा सुसाट का सुटतो. उत्तर उंचीत आहे. मॅड्रिड साधारण 650 मीटरवर बसलंय, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या आसपासच, सांगली त्यामानाने बरीच खाली. हवा विरळ असली की बॉलला अडवणारं कमी, त्यामुळे पॅरिसच्या फ्रेंच ओपनच्या मातीवर जो फटका परत येतो तोच इथं पार निघून जातो. आणि मातीवरचीच ना म्हणाल, तर ही स्पर्धा मुळात मातीची नव्हतीच.

2002 ला सुरू झाली तेव्हा ती ऑक्टोबरमध्ये, छताखाली, हार्ड कोर्टवर म्हणजे टणक कोर्टवर व्हायची. 2009 ला तिला मे महिना आणि माती दोन्ही मिळालं, पण ते मिळालं हॅम्बुर्गच्या वाट्याचं. हॅम्बुर्गची स्पर्धा 1892 पासूनची, तिला मास्टर्स या वरच्या दर्जातून (ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या) खाली ढकलून जुलैत टाकलं. जर्मन आयोजक अमेरिकेत कोर्टात गेले (खऱ्या कोर्टात, डेलावेअरला), 2008 ला हरले, नंतर अपिलातही हरले. म्हणजे मॅड्रिडच्या मातीची सुरुवातच भांडणातून झाली हे धरून चाला. मॅड्रिडवाल्यांकडे पैसा होता आणि उघडझाप होणाऱ्या छताची तीन कोर्टं असलेलं नवंकोरं स्टेडियम होतं, जुनेपणाला कोण विचारतो.

आता माती या शब्दाकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथंच आहे. आपण क्ले म्हटलं की माती म्हणतो, आणि सांगली-साताऱ्यात लाल माती म्हटलं की डोळ्यासमोर येतो तालमीतला हौदा, ताक, तेल, हळद घालून मऊ केलेला. युरोपातलं क्ले तसलं काही नाही. खाली दगड, त्यावर खडी, मग भट्टीतल्या राखेच्या खड्यांचा थर, मग चुनखडी, आणि सगळ्यात वर दोनेक मिलीमीटर विटांचा चुरा, बस्स. म्हणजे कृष्णाकाठच्या वीटभट्टीवर तुटक्या विटांचा जो ढीग पडलेला असतो तो बारीक दळून चाळून पसरला की झालं तुमचं क्ले. लाल रंग विटेतल्या लोहाचा. सुरुवातीची गोष्ट सांगतात ती 1880 च्या सुमाराची, फ्रान्समध्ये कान इथं दोन इंग्रज भावांची हिरवळ उन्हाने करपायला लागली म्हणून त्यांनी वर फुटक्या मातीच्या भांड्यांची भुकटी पसरली. म्हणजे ज्याला सगळे परंपरा परंपरा म्हणतात तो पण एक जुगाडच होता.

हे डोक्यात ठेवून 2012 बघा. स्पर्धेचा मालक इयॉन त्सिरियाक, त्याने ठरवलं की माती निळी करायची. कारण दिलं ते टीव्हीचं, पिवळा बॉल निळ्यावर उठून दिसतो, आणि ते खोटं नाही, मॅच बघितलेल्याला पटेल. बोलणारे म्हणाले की मुख्य प्रायोजकाचा रंग पण निळाच आहे, हा काय योगायोग. तेही खोटं नाही. लोह काढून टाकलेल्या पांढऱ्या विटेला रंग द्यायचा आणि ती दळायची असा तो प्रकार. खेळाडूंच्या संघटनेच्या आधीच्या प्रमुखाने परवानगी देऊन टाकली, त्याची मुदत संपली आणि नव्या प्रमुखाच्या गळ्यात ते लोढणं आलं. नाराज खेळाडूंचं म्हणणं की आम्हाला नीट विचारलंच नाही.

आणि मग पाय घसरायला लागले. मातीवर घसरत जाऊन मारणं वेगळं आणि थांबायचं तिथं न थांबता घसरणं वेगळं, हे कुणालाही कळेल. घरचा लाडका डावखुरा राफाएल नदाल तिसऱ्या सेटला 5-2 पुढं असून ज्याच्याशी आधी कधीच हरला नव्हता अशा आपल्याच देशाच्या वेर्दास्कोशी हरला, तेव्हाचा नंबर एक, सर्बियाचा जोकोविच पण आपल्याच देशवाल्या टिप्सारेविचकडून उपांत्यपूर्व फेरीत गेला, आणि दोघांनी सांगून टाकलं की पुढच्या वर्षी निळं असेल तर आम्ही येणार नाही. जूनमध्ये निळ्यावर बंदी आली. महिला पण त्याच कोर्टांवर खेळल्या, पण त्यांचं मत कुणी फारसं मोजलं नाही.

माझं मत विचाराल तर गुन्हा रंगाचा नव्हता. खालचा थर जास्तच दाबून सपाट केल्यामुळे वरचा चुरा धरून राहत नव्हता असं नंतर आयोजकांच्या बाजूनेच बोललं गेलं. आपल्याकडे मातीच्या कोर्टावर सकाळी पाणी मारून रोलर फिरवणारा मामा पण सांगेल की पाया बिघडला तर वर सोनं पसरा, काही उपयोग नाही. पण दोन मोठी नावं रुसली, मग पाया कोण बघतो, निळा रंगच बदनाम झाला.

आपल्या महाराष्ट्र केसरीत निदान सरळ माती विभाग आणि गादी विभाग असं लिहिलेलं असतं, कोण कशावर खेळला ते कळतं. टेनिसच्या नोंदीत निळी पण क्ले आणि लाल पण क्ले, एकच रकाना. त्या डावखुऱ्याने 2012 ला माँटे कार्लो, बार्सिलोना, रोम, पॅरिस सगळं जिंकलं, त्या वर्षी मातीवरची त्याची एकुलती एक हार मॅड्रिडची. ती खरंच मातीवरची धरायची का, यावर त्याचे चाहते अजून भांडतात.

2013 ला परत लाल, आणि जिंकला तोच. पुढचं पटपट: 2020 ला कोविडने स्पर्धा झालीच नाही, 2021 च्या शेवटी मालकाने ती एका बड्या अमेरिकन कंपनीला विकली, 2022 ला एकोणीस वर्षांच्या स्पॅनिश पोराने, कार्लोस अल्कारासने, लागोपाठ दोन दिवसांत नदाल आणि जोकोविच या वरच्याच दोघांना काढून दुसऱ्या दिवशी कपही नेला, 2023 पासून स्पर्धा जवळजवळ दोन आठवड्यांची आणि 96 खेळाडूंची. 2025 ला नॉर्वेच्या कॅस्पर रूडने मास्टर्स दर्जाचं आपलं पहिलं विजेतेपद इथंच घेतलं.

घरच्या डावखुऱ्याची इथली पाच विजेतेपदं आहेत, पहिलं 2005 चं हार्ड कोर्टवरचं, बाकी लाल मातीवरची. निळ्यावर नाही. निळ्यावर जिंकला तो स्वित्झर्लंडचा रॉजर फेडरर, आणि तो इथं 2006 ला हार्ड कोर्टवर, 2009 ला लालवर, 2012 ला निळ्यावर असा एकाच स्पर्धेत तीन तऱ्हेच्या कोर्टांवर जिंकलाय.