आधी लाल, मग पिवळी, पांढरी सगळ्यात शेवटी

आईने पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर आमच्या मागच्या अंगणातलं झाड बघितलं आणि म्हणाली, "अगं, स्कॉटलंडात कढीपत्ता एवढा मोठा होतो?" आता पान बघून कोणालाही तसंच वाटेल, मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंनी ओळीने बारकी पानं, फक्त कडा करवतीसारख्या. पण हे रोवन, सॉर्बस ऑक्युपेरिया, आणि याचं कढीपत्त्याशी काही नातं नाही, हे सफरचंदाच्या कुळातलं. फळ वाटाण्याएवढं, लालभडक, घोसाने लागतं. ते उलटं करून बुडाशी नीट बघा, सुकलेल्या फुलाची पाच टोकांची चांदणी दिसते, सफरचंदाच्या बुडाशी असते ना तशीच, फक्त इवलीशी. त्या चांदणीमुळे आणि लाल रंगामुळे इथल्या जुन्या लोकांचा समज की चेटकीण या झाडाजवळ फिरकत नाही, म्हणून दारात रोवन लावायचा. आपण दारावर लिंबू-मिरची टांगतो, हे अख्खं झाडच लावतात.

आजकाल लोक हे चेटकिणीसाठी नाही तर लहान बागेत मावतं म्हणून लावतात. मे महिन्यात पांढरी फुलं, ऑगस्टपासून फळं, पानगळीआधी पानं लाल-केशरी, आणि थंडी कितीही पडो. एक गोष्ट मात्र याला अजिबात चालत नाही, मुळाशी साचलेलं पाणी. माझं पहिलं रोप मी पाणी तुंबणाऱ्या कोपऱ्यात लावलं आणि दुसऱ्या वर्षी ते गेलं, यात नर्सरीवाल्याचा काही दोष नव्हता.

खरी गंमत फळांच्या रंगात आहे. लाल फळं पक्षी आधी संपवतात. ब्लॅकबर्ड म्हणजे आपल्या कस्तुराचा भाऊबंद, तो येतो, इतर थ्रश येतात आणि एखाद्या हिवाळ्यात उत्तरेकडून वॅक्सविंगचा थवा उतरला तर दोन दिवसांत झाड साफ. मग नंबर पिवळ्या फळांचा आणि पांढऱ्या-गुलाबी फळांना सहसा शेवटी हात, म्हणजे चोच लागते. हा काही पक्का नियम नाही, थंडी कडाक्याची पडली की सगळंच खाल्लं जातं, पण बागकाम करणाऱ्यांचा अनुभव साधारण असाच आहे. म्हणून ज्यांना डिसेंबरपर्यंत झाडावर फळं बघायची असतात ते 'जोसेफ रॉक' ही पिवळ्या फळांची जात घेतात (फायर ब्लाइट नावाचा जिवाणूचा रोग मात्र तिला पटकन धरतो, फांद्या भाजल्यासारख्या काळ्या पडतात) नाहीतर सरळ आपल्या हिमालयातलं सॉर्बस कश्मिरियाना. मी दुसऱ्यांदा तेच लावलं. फिकट गुलाबी फुलं आणि फळं पांढरीशुभ्र, चांगली गोटीएवढी, पानं गळून गेल्यावरही नुसत्या काड्यांवर मोत्यांसारखी लटकलेली.

या काश्मिरी झाडाचं बी लावलं तर हुबेहूब आईसारखंच झाड येतं. हे ऐकायला साधं वाटतं पण हापूसची कोय लावून बघा, हापूस येत नाही, म्हणून तर आपण कलमं बांधतो. या झाडाचं बी मात्र परागाशी संकर न होताच तयार होतं, आईची झेरॉक्सच म्हणा. आपल्या कागदी लिंबाच्या बीतही काहीसा असाच प्रकार चालतो.

याच झेरॉक्समुळे रोवनच्या चुलत घराण्यात, म्हणजे व्हाइटबीममध्ये, शास्त्रज्ञांची पार दमछाक झालीये. व्हाइटबीमचं पान अखंड, खालून पांढरी लव, वारा आला की झाड हिरव्याचं एकदम चंदेरी होतं. बागेसाठी 'ल्युटेसन्स' नावाची जात मिळते, तिची कोवळी पानं वसंतात दोन्ही बाजूंनी पांढुरकी असतात. तर होतं काय, कधीतरी दोन जातींचा संकर होतो, ते पिल्लू पुढे स्वतःच्याच कॉप्या काढत बसतं आणि एखाद्याच दरीत किंवा बेटावर सापडणारी नवी जात तयार होते. ब्रिस्टलच्या एव्हन घळीत आणि स्कॉटलंडच्या अ‍ॅरन बेटावर अशा जाती आहेत ज्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. डेव्हनमध्ये एका झाडावर १९३०च्या दशकात 'नो पार्किंग'ची पाटी ठोकलेली होती, ते झाड वेगळं आहे हे तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात आलं, पण जात म्हणून रीतसर नाव मिळालं २००९ साली, सॉर्बस अ‍ॅडमोनिटर, म्हणजे ताकीद देणारा!

आईचा पुढचा प्रश्न ठरलेला होता, एवढी फळं लागलीत तर खात का नाही? कच्ची खाऊ नये, कडू-तुरट असतात आणि पोट बिघडतं, कारण त्यात पॅरासॉर्बिक अ‍ॅसिड असतं. शिजवलं की त्याचं सॉर्बिक अ‍ॅसिड होतं, मग जेली करतात, ती इथे मटणाबरोबर खातात. हे सॉर्बिक अ‍ॅसिड १८५९ मध्ये हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रोवनच्याच फळांपासून वेगळं केलं आणि नावही सॉर्बसवरून पडलं. ते बुरशी वाढू देत नाही हे कळायला पुढे जवळजवळ ८० वर्षं गेली. आता ते कारखान्यात बनतं, झाडाचा काही संबंध राहिलेला नाही, पण पाव, सॉस, जॅम, कुठे कुठे घालतात. शुगर-फ्री च्युइंगममधलं सॉर्बिटॉलसुद्धा नावाने याच घरातलं.

मी म्हटलं, आई, तुझ्या फ्रीजमधली सॉसची बाटली काढ आणि मागे बारीक अक्षरात २०२ दिसतंय का बघ, ते पोटॅशियम सॉर्बेट. चष्मा शोधण्यात पाच मिनिटं गेली, बाटली उजेडात धरून झाली, मग आवाज आला, "आहे गं, आहे."