बाप्तिस्म्याआधी बदललेलं मन

मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या मराठी कॅथलिक, घरांत लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणतात. सोळाव्या शतकात, पोर्तुगीज अंमलात, या मंडळींचे पूर्वज ख्रिस्ती झाले. उपासना बदलली, विहिरीचा मान राहिला. याला अर्धवट धर्मांतर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पॉल हिबर्ट (१९३२–२००७) हे मानववंशशास्त्रज्ञ मिशनरी घराण्यात भारतातच जन्मले आणि पुढे तेलुगू मुलखात मिशनरी म्हणून राहिले. त्यांच्या मते माणसाच्या जगदृष्टीत, म्हणजे जगाकडे पाहण्याच्या रीतीत, तीन धागे असतात: खरं काय, हवंसं-नकोसं काय आणि योग्य काय. प्रवचन बहुधा पहिल्याच धाग्याला हात घालतं.

कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या, पण सोवळं-ओवळं घेऊनच. शिवाशीव हे त्यांचं मत नव्हतं. ते अंगात मुरलेलं होतं, परक्या हातचं पाणी घशाखाली उतरत नव्हतं. मग त्यांना प्रश्न पडला, जाती देवाने केल्या की माणसांनी? उत्तर मनात ठरलं आणि विटाळ गळून पडला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. म्हणजे दृष्टी आधी बदलली, विधी मागून आला. हा क्रम अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवा.

हिबर्ट यांनी १९८२ मध्ये मिशनरींच्याच जगदृष्टीवर बोट ठेवलं. पाश्चात्त्य शिक्षणात वाढलेल्यांच्या घराला दोनच मजले: वर देव, खाली निसर्गनियम. दृष्ट, भूतबाधा, ‘माझ्याच लेकराला का?’ हे प्रश्न राहतात तो मधला मजला त्यांच्याकडे नव्हताच. म्हणून रविवारी चर्चला जाणारा माणूस लेकरू आजारी पडलं की भगताकडे जाई. सप्टेंबरात बांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं, बाळं वाहिली जातात, तीही सर्व धर्मांच्या लोकांकडून. कॅथलिक परंपरेने संत आणि नवसांमधून हा मजला नांदता ठेवला, असं मला वाटतं. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनसारख्या प्रोटेस्टंट मिशनांनी शाळा काढल्या, दवाखाने उघडले. त्यांचं मोल मोठंच, पण नवसामागची भीती औषधाने जात नाही.

जुनी चाल सरसकट मोडू नये, डोळे मिटून स्वीकारूही नये, असं हिबर्ट सांगत. चर्चच्या मंडळीने एकत्र बसून तिचा अर्थ समजून घ्यावा, बायबलच्या कसोटीवर पाहावा आणि स्वतः निर्णय करावा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन असंच पारखून घेतलं होतं. त्यांची पदं मराठी चर्चांमध्ये आजही गातात.