विद्वत्प्रकाशन : मानव्यविद्या, विधी आणि सामाजिक शास्त्रे

इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्यमीमांसा, कायदा, समाजशास्त्र, अर्थशास्त्र इत्यादी विषयांतील संशोधन पारखून घेऊन छापील किंवा डिजिटल रूपात अभ्यासकांपुढे आणण्याचा व्यवहार. शोधनिबंधाचे मानधन लेखकाला बहुधा मिळत नाही. त्याच्या पदरात पडते ती मान्यता, आणि नेमणूक-बढती तिच्यावरच ठरते. नियतकालिकांसाठी निबंधांचे परीक्षण, म्हणजे छापण्याआधीची पारख, करणारे तज्ज्ञही सहसा विनामोबदला राबतात.

जानेवारी १६६५ मध्ये पॅरिसला ‘जुर्नाल दे सावाँ’ निघाले आणि दोनच महिन्यांनी लंडनला ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’. दुसऱ्याचा ओढा निसर्गविज्ञानाकडे होता. पहिल्यात नव्या ग्रंथांचे परिचय, न्यायनिवाडे आणि विद्वानांच्या निधनवार्ताही असत. मानव्यविद्यांच्या नियतकालिकांत आजही पुस्तक-परीक्षणे पानेच्या पाने व्यापतात, ती याच वळणाची. एकेका विषयाला वाहिलेली नियतकालिके एकोणिसाव्या शतकात स्थिरावली : जर्मनीत ‘हिस्टोरिशे त्साइटश्रिफ्ट’ (१८५९), इंग्लंडमध्ये ‘माइंड’ (१८७६) व ‘इंग्लिश हिस्टॉरिकल रिव्ह्यू’ (१८८६).

निबंधापेक्षा ग्रंथाला जास्त वजन, हे या क्षेत्राचे, विशेषतः मानव्यविद्यांचे, वैशिष्ट्य. प्रयोगाचा निष्कर्ष चार पानांत सांगता येतो; एखादे राज्य का कोसळले हे सांगताना पुरावा, निवेदन आणि युक्तिवाद एकमेकांत इतके गुंतलेले असतात की त्यांचा गोषवारा काढला तर हाती फारसे काही उरत नाही. एकाच विषयाचा खोलवर वेध घेणाऱ्या अशा ग्रंथाला मोनोग्राफ म्हणतात. तो काढण्याची धुरा बव्हंशी विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्थांनी वाहिली. केंब्रिजला १५३४ मध्ये आठव्या हेन्रीकडून छपाईची सनद मिळाली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सची संस्था १८७८ पासून अखंड चालू आहे. प्रती काहीशेच निघतात, त्याही मुख्यतः ग्रंथालयांत जातात, त्यामुळे किंमत सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेर राहते. अर्थशास्त्राचा संसार मात्र निराळा. तिथे निबंधच प्रमाण, आणि तो छापून येण्याच्या कितीतरी आधी मसुद्याच्या रूपात सगळ्यांनी वाचून झालेला असतो. अशा मसुद्यांसाठी ‘एसएसआरएन’ हा संग्रह १९९४ मध्ये सुरू झाला.

परीक्षण बहुतेक ठिकाणी दुहेरी अनामिक असते : लेखक कोण हे परीक्षकाला सांगत नाहीत आणि परीक्षक कोण हे लेखकाला. पहिल्या पानावरचे नाव खोडून भागत नाही. ‘मी अन्यत्र दाखवल्याप्रमाणे’ असे वाक्य राहून गेले की पितळ उघडे पडते. फाइलच्या गुणधर्मांतही नाव दडलेले असते. शिवाय विषय चिंचोळा असला, तर अमुक दप्तरखान्यातील कागद कोण चाळत होते हे त्या वर्तुळात सर्वांनाच ठाऊक असते. तरीही परीक्षणाचे मोल नाकारता येत नाही. १९९६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकल यांनी मुद्दाम रचलेला निरर्थक निबंध ‘सोशल टेक्स्ट’ने छापला, तेव्हा त्या नियतकालिकात बाहेरच्या तज्ज्ञांकडून परीक्षण करून घेण्याची पद्धतच नव्हती.

कायद्याच्या अमेरिकी नियतकालिकांची तऱ्हा तर अभ्यासकांनाही चक्रावून टाकते. ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ (१८८७) आणि त्याच्या धर्तीवरची बहुतेक नियतकालिके विद्यार्थीच संपादित करतात. प्राध्यापकाचा लेख घ्यायचा की नाही हे विद्यार्थी ठरवतात. इतरत्र निबंध एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचा दंडक असतो. इथे तो एकदम अनेकांकडे जातो, आणि एकाचा होकार आला की तो दाखवून वरच्या दर्जाच्या नियतकालिकाला निर्णयाची घाई करण्याची विनंती होते. प्रत्येक विधानाला आधार हवा, म्हणून तळटिपा शेकड्यांत जातात. एखाद्या पानावर मजकुराच्या दोनचार ओळी आणि खाली सगळ्या टिपाच! ‘वर टीप ४३ पाहा’ असे उल्लेख पुढे पसरलेले असताना मध्ये एक नवी टीप घुसली, की पुढचे सारे आकडे सरकतात आणि ते जुळवत बसणे संपादक-विद्यार्थ्यांच्या माथी येते.

गुणवत्ता मोजण्याची विज्ञानातली मापे इथे बेतशीर बसत नाहीत. नियतकालिकाचा प्रचलित प्रभावांक (इम्पॅक्ट फॅक्टर) त्यातील मागील दोन वर्षांतील लेखांचे संदर्भ इतर लेखांत किती आले यावर निघतो. इतिहासाच्या निबंधाचा बोलबाला पुष्कळदा त्यानंतर सुरू होतो, आणि ग्रंथांची तर या हिशेबात गणतीच नाही.

जुने अंक घरबसल्या वाचण्याची सोय १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘जेस्टोर’ने केली. ओपन अ‍ॅक्सेसमध्ये वाचन मोफत, पण खर्च कोणी सोसायचा हा पेच उरतो. विज्ञानात लेखकाकडून घेतले जाणारे शुल्क अनुदानातून निघू शकते. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाकडे तसे अनुदान क्वचितच असते. ‘ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज’ने (२०१५) म्हणून लेखकाकडून काही न घेता ग्रंथालयांच्या वर्गणीवर गाडा चालवला. कलेतिहासात आणखी एक अडचण आहे. चित्रे छापण्याचे परवाने पुष्कळदा ठरावीक प्रतींपुरतेच मिळतात. त्यामुळे मोफत आवृत्तीत कधी कधी चित्राच्या जागी रिकामी चौकट असते आणि खाली, दिसत नसलेल्या रंगरेषांचे तपशीलवार विवेचन.